किरकोळ अंगाच्या मुलांचेच दात अधिक किडलेले का?

तिसरीच्या_बाई (सातपूर)

मी एका प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. नुकत्याच झालेल्या आरोग्य तपासणीत मुलांचे वजन, उंची आणि दातांची स्थिती एकाच तक्त्यात भरण्याचे काम माझ्याकडे आले. जाड मुले गोड जास्त खातात, तेव्हा त्यांचेच दात किडलेले असणार, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात वर्गातील सर्वांत किरकोळ अंगाच्या मुलांच्या दाढा सर्वांत वाईट निघाल्या आणि अंगाने भरलेल्या दोघा-तिघांचे दात अगदी निरोगी होते. पालकसभेत या विषयावर बोलायचे आहे. वजन आणि दातांची कीड यांचा खरोखर काही संबंध आहे का?

दाढ_आणि_दात (कॉलेज रोड)

बाई, मी लहान मुलांच्या दातांवर उपचार करतो. या प्रश्नावर अनेक देशांत अभ्यास झाले असून त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत स्थूल मुलांचे दात अधिक किडलेले आढळले, काहींत कमी वजनाच्या मुलांचे, तर काहींत संबंधच दिसला नाही. मला वाटते, याचे कारण असे की येथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत घातल्या जातात.

स्थूलता आणि कीड या दोहोंच्या मुळाशी साखर असू शकते, परंतु ती दोन्हीकडे सारख्या रीतीने काम करत नाही. गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की दातांवरच्या थरातील जिवाणू त्यापासून आम्ल तयार करतात, तोंडातील पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली जातो आणि एनॅमलमधील, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातील, खनिजे विरघळू लागतात. लाळेला ही स्थिती सावरायला अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. म्हणून वजनासाठी दिवसभरात एकूण किती खाल्ले हे महत्त्वाचे, तर दातांसाठी किती वेळा खाल्ले हे. तीन वेळा भरपूर जेवणाऱ्या जाड मुलाचे दात चांगले राहू शकतात, आणि दिवसभर एकेक गोळी चघळणाऱ्या हडकुळ्या मुलाची दाढ पोखरली जाऊ शकते. स्वीडनमध्ये विपेहोल्म येथे १९४० च्या दशकात झालेल्या प्रयोगात हेच दिसले: जेवणासोबतच्या साखरेने कीड थोडीच वाढली, दोन जेवणांच्या मधल्या चिकट टॉफीने फार वाढली. (मानसिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर, त्यांची संमती न घेता तो प्रयोग झाला, हेही सांगायला हवे.)

तुमच्या किरकोळ मुलांबाबत मात्र उलटा विचार करून पाहा. दाढ ठणकत असली की मूल भाकरी चावायचे टाळते, चहात बुडवलेल्या बिस्किटावर भागवते, रात्री नीट झोपत नाही. मग वजन वाढणार कसे? तान्हेपणी कुपोषण झाले असेल तर एनॅमलही मुळात कच्चे घडलेले असू शकते.

आकडेमोड (इंदिरानगर)

तक्ता वाचताना दोन गोष्टी सांभाळा. मुलांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) मोठ्यांच्या मापाने मोजू नये. वय आणि मुलगा-मुलगी यांनुसार वेगळे तक्ते लागतात, आणि पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्ते उपलब्ध आहेत. दुसरे, आठ-नऊ वर्षांच्या तोंडात दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असतात. किडलेली दुधाची दाढ पडली की ती नोंदीतूनही जाते, त्यामुळे काही महिन्यांच्या फरकानेही आकडा बदलतो. शिवाय स्थूल मुलांचे कायमचे दात सरासरीने लवकर येतात, म्हणजेच ते कीड लागण्याच्या धोक्यात अधिक काळ असतात. एकाच दिवशीच्या तपासणीवरून आधी कीड की आधी वजन, हे ठरवता येत नाही, आणि घरची परिस्थिती दोन्हींमागे असू शकते, ती तुमच्या तक्त्यात नाही.

पंचवटीची_आई

माझी मुलगी खाऊ म्हणून बेदाणे मागते. ते बिस्किटापेक्षा बरे ना?

दाढ_आणि_दात

पोषणासाठी बरे, पण ते दाढेच्या खाचांत चिकटून राहतात. म्हणून येता-जाता मूठभर देण्यापेक्षा जेवणासोबत द्या आणि नंतर चूळ भरायला लावा. ताजी द्राक्षे चालतील, त्यांचा रस मात्र साखरेच्या पाण्यासारखाच धरा. मध, रस आणि वरून घातलेली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे. बाई, पालकांना एक अवश्य सांगा: सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे येणारी दाढ कायमची असते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरचे लोक तिला दुधाचीच समजून सोडून देतात.

तिसरीच्या_बाई

आभारी आहे. सभेत वजनाचा विषय मी काढणारच नाही. जाड मुलांच्या आयांना उगीच मान खाली घालावी लागली असती. किरकोळ मुलांपैकी एक मुलगा मधल्या सुट्टीत पोळी कुस्करून एकाच बाजूने चावतो, हे मी वर्षभर पाहत आले आहे आणि त्याला खाण्याचा कंटाळा आहे असे समजत होते. त्याच्या आईला उद्याच बोलावते.