पुढचं दिसत नसताना मंडळी चालवणाऱ्यांची प्रार्थना

सगळंच अनिश्चित असतं आणि मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, तुमच्याकडे बघत असते, तेव्हा तुम्ही प्रार्थना कशी करता? प्रवचन नको, अनुभव लिहा.

पाळक
आमची उपासनेची जागा हातची जाणार होती आणि दुसरी मिळत नव्हती. त्या आठवड्यात बायबलमधल्या 2 इतिहास या पुस्तकाचा 20वा अध्याय वाचत होतो. शत्रू चालून आलाय, यहूदा राज्यातली बायकामुलंसुद्धा समोर उभी आहेत आणि राजा यहोशाफाट देवाला म्हणतो, काय करावं आम्हाला सुचत नाही, आमची नजर तुझ्याकडे आहे. राजाने हे चारचौघांत म्हणावं! रविवारी मीही व्यासपीठावरून तेच म्हटलं. पाळकाने असं बोलू नये, असं मंडळीचा कारभार बघणाऱ्या एका वडीलजनांनी नंतर सुनावलं. पण पुढच्या प्रार्थनासभेत एरवी तोंड न उघडणारी माणसं मोठ्याने प्रार्थना करू लागली. जागेचा प्रश्न मात्र बरेच दिवस तसाच होता.

खजिनदार
‘प्रार्थना करून ठरवू’ याचा अर्थ आमच्या कमिटीत ‘आज नको’ असा असतो. बायबलमधला नहेम्या बघा, पर्शियाच्या राजाच्या चाकरीत होता. यरुशलेमेची दैना ऐकून रडला, उपास केला. पण राजाने ‘काय हवं?’ विचारताच मनात देवाची प्रार्थना करून थेट मागण्याच मांडल्या: रजा किती दिवसांची, अधिकाऱ्यांना पत्रं, लाकडासाठी वनपाल आसाफाला वेगळं पत्र. गुडघे टेकतानाच त्याचा हिशोबही चालू असणार, असं मला वाटतं. दान घटलं तेव्हापासून आम्ही आधी जमाखर्च मोठ्याने वाचतो, मग प्रार्थना करतो. आकडे ऐकल्यावर प्रार्थना आपोआप आखूड होते, हे वेगळं!

पाळकांच्या पत्नी
रफीदीमच्या लढाईत मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएलची सरशी होत होती; ते हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी त्याला बसायला धोंडा दिला, मग हात धरले. लोक आपलं ओझं यांच्याकडे आणतात, हे माझ्याकडे. आता मंडळीतल्या दोघी मला सकाळी फोन करतात. कारण विचारत नाहीत, प्रार्थना करतात आणि ठेवतात.

तरुण संघातला एक
आमच्या सचिवासाठी उपास-प्रार्थना केली, तरी तो गेला. ‘देवाची योजना होती’ असं कुणी म्हटलं की मी अजूनही उठून बाहेर जातो. स्तोत्र 88 शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी देवाशीच बोलतं. सध्या सभेत तेच वाचतो, गाणी नंतर. नवा सचिव ठरायचा आहे. त्यासाठी प्रार्थना मागितलीय, आणि वरच्या खजिनदारांचं ऐकून नावंही.