ऑटोमॅटिक गाडीला भंगारातला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवावा का?

मेढा_रोड (सातारा)

नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची छोटी हॅचबॅक आहे. तिला चार गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवर (इंजिनाची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि गाडी ८६,००० किलोमीटर चालली आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण गिअरबॉक्सचे ऑईल आजवर एकदाही बदललेले नाही आणि ती चूक सर्वस्वी माझी आहे.

गेल्या पावसाळ्यापासून दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिनाचा आवाज एकदम वाढतो, पण गाडी उचलत नाही. रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग झटका देऊन गाडी मागे सरकते. मी रोज साताऱ्याहून मेढ्याला जातो. परवा आईला घेऊन यवतेश्वर घाट चढताना गाडी अर्ध्यात अशी अडकली, की मागच्या एसटीच्या चालकाने खाली उतरून रस्ता करून दिला.

गॅरेजमध्ये गिअरबॉक्स पूर्ण खोलून दुरुस्त करण्याचे ७५,००० रुपये सांगितले आहेत आणि तेही सुटे भाग मिळाले तरच. दुसरीकडे सांगलीत एका भंगारवाल्याकडे याच मॉडेलची, याच इंजिनाची मॅन्युअल गाडी आली आहे. तिला मागून ट्रकची धडक बसलेली असून पुढचा भाग शाबूत आहे. गिअरबॉक्स आणि क्लचचे सामान तो १४,००० रुपयांना द्यायला तयार आहे. माझ्या गाडीची आजची किंमत जेमतेम दीड लाख असल्यामुळे मॅन्युअल करून घ्यावी, असे मनात येते आहे. हे काम नीट होते का, आणि त्यात काय काय लागते, हे कोणी अनुभवातून सांगू शकेल का?

मिरज_फिटर

काम होते. मात्र १४,००० रुपयांत तुम्ही जे घेणार आहात, ते या कामाचे निम्मेही सामान नाही, आणि असे अर्धवट सामान घेतलेल्या गाड्या आमच्या गॅरेजच्या दारात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

इंजिन एकच असल्याने गिअरबॉक्सचे बेल हाउसिंग (इंजिनाला जोडले जाणारे घंटेसारखे तोंड) इंजिनाला बसेल, पण खरा फरक त्याच्या आजूबाजूला आहे. ऑटोमॅटिकमध्ये क्रँकच्या टोकाला पातळ पत्र्याची फ्लेक्स प्लेट असते. ती काढून तिथे जड फ्लायव्हील बसवावे लागते. फ्लेक्स प्लेटचे बोल्ट फ्लायव्हीलला आखूड पडतात, म्हणून ते जुनेच वापरण्याचा मोह टाळा आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घ्या. काही इंजिनांत क्रँक सेन्सर ज्या दात्यांवरून फेऱ्या मोजतो, ते दाते याच चकतीवर असतात; तिथे चुकीचे फ्लायव्हील आले तर इंजिन सेल्फवर नुसते फिरत राहते, चालू होत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला पत्रा, सेल्फ मोटर, गिअरबॉक्सकडचे माउंटिंग व त्याचे ब्रॅकेट, दोन्ही बाजूंचे अ‍ॅक्सल, गिअर लिव्हर व त्याच्या केबल, ब्रेक-क्लचचा पूर्ण पेडल सेट, रिव्हर्स लाइटचा स्विच, हे सगळे त्याच गाडीतून निघाले पाहिजे. क्लच केबलचा असो वा ऑईलवरचा, त्या गाडीत जसा आहे तसाच संपूर्ण उचलावा. पेडलसाठी फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) भोक पाडावे लागेल का, हे आधी कार्पेट उचलून पाहा. बहुतेक गाड्यांत तिथे कंपनीनेच जागा ठेवलेली असते आणि ती रबरी बुचाने किंवा छोट्या पत्र्याने बंद केलेली असते.

अ‍ॅक्सलबद्दल जरा जास्त सांगतो, कारण तिथेच लोक फसतात. दोन्ही गिअरबॉक्सची रुंदी सारखी नसते, त्यामुळे अ‍ॅक्सलची लांबीही बदलते, आणि आतल्या टोकाचे स्प्लाइन (गिअरबॉक्समध्ये अडकणारे दाते) वेगळे असू शकतात. अर्धा इंच आखूड अ‍ॅक्सल बसतो, गाडी सपाट रस्त्यावर चालतेही, पण खड्ड्यात चाक खाली गेले की आतले टोक बाहेर सरकते आणि ऑईल सील फाटते. शेजारी शेजारी दोन अ‍ॅक्सल जमिनीवर ठेवून मोजल्याशिवाय एकही बसवू नका.

भंगारातून काय घेऊ नये तेही सांगतो. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑईल सील नवेच घ्यावे. एवढे सगळे खोलल्यावर दोनशे-तीनशे रुपयांच्या सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणे कोणालाही परवडत नाही. फ्लायव्हील लेथवर घासून सपाट करून घ्यावे. ऑईल त्या गिअरबॉक्सच्या पुस्तकात दिलेल्याच दर्जाचे भरावे. जीएल-४ सांगितले असेल तिथे डबा हाताशी आहे म्हणून जीएल-५ ओतू नये, कारण त्यातली रसायने गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या पितळी सिंक्रो रिंगला मानवतीलच असे नसते.

पण या सगळ्याआधी एक प्रश्न आहे. तुमच्या गिअरबॉक्सचे ऑईल कोणी काढून पाहिले आहे का? पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाका आणि वास घ्या. रंग तांबूस असेल आणि पातळी नुसती कमी असेल, तर दोष साधा निघू शकतो. एखादा सोलेनॉइड (ऑईलचा रस्ता उघड-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) किंवा त्याची वायर गेली तरी अशीच लक्षणे दिसतात. रंग काळा असेल आणि करपल्याचा वास येत असेल, तर आतल्या क्लच प्लेटा जळाल्या आहेत असे समजा.

विट्याहून

मी हे काम करून घेतले आहे, म्हणून लिहितो. २००८ साली माझ्याकडे नव्वदच्या दशकातली तीन गिअरची ऑटोमॅटिक गाडी होती. मिरज_फिटर यांनी सांगितलेली यादी तंतोतंत खरी आहे, आणि मी नेमके अर्धवट सामान घेऊन सुरुवात केली होती. चार दिवसांच्या कामाला सात आठवडे लागले. सगळे बसवून झाल्यावर सेल्फच लागेना. गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर एक स्विच असतो, आणि गिअरबॉक्सबरोबर तोही निघून गेला होता. वायरमनने त्या दोन वायरी सरळ जोडून दिल्या. काम झाले, पण आता गिअरमध्ये असतानाही गाडी सेल्फवर पुढे उडी मारत असे, आणि एकदा माझा पुतण्या थोडक्यात बचावला. म्हणून कळकळीने सांगतो, त्या दोन वायरी क्लच पेडलच्या स्विचमधूनच न्याव्यात. ती गाडी त्यानंतर नऊ वर्षे चालली. पण तिच्यात कार्ब्युरेटर होता, संगणक नव्हता.

कृष्णाकाठ (सांगली)

मी गाड्यांचे वायरिंगचे काम करतो. शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, म्हणून तिथूनच पुढे लिहितो.

तुमच्या २०१२ च्या गाडीत इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, गिअरबॉक्सशी सतत बोलत असतो. गिअर बदलताना तो इंजिनाची ताकद क्षणभर कमी करतो आणि डी (ड्राइव्ह) मध्ये गाडी उभी असली की आयडलिंग सावरतो. गिअरबॉक्सचा कंट्रोलर वेगळ्या डब्यात असला आणि तो काढला, तर इंजिनाच्या ईसीयूला उत्तर मिळेनासे होते आणि यू ०१०१ सारखा दोषाचा कोड येतो. दोन्ही कामे एकाच डब्यात असली, तर त्याला सोलेनॉइड सापडत नाहीत, पी ०७०० येतो, चेक इंजिनचा दिवा कायम लागतो आणि गाडी बऱ्याचदा ताकद रोखून चालते. रेझिस्टन्स लावून ईसीयूला फसवणारे लोक आहेत. मी ते काम घेत नाही, कारण पुढे खरा दोष आला तरी तो त्याच दिव्याखाली दडून राहतो.

खात्रीचा मार्ग म्हणजे त्या मॅन्युअल गाडीचा ईसीयू, इंजिनाचे वायरिंग, इमोबिलायझरचा (मूळ चावीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारा) डबा आणि मूळ चावी हे सगळे एकत्र घेणे. चावीतली चिप आणि ईसीयू यांची जोडी जमलेली असते. त्यातले एक जरी हरवले, तरी दुसरे निरुपयोगी ठरते.

गाडी सांगलीची आहे म्हणून आणखी एक काळजी घ्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या कितीतरी गाड्यांचे सामान अजूनही या बाजारात फिरते. धडक मागून बसलेली दिसली, तरी गाडी त्याआधी पाण्यात नव्हती असे होत नाही. सीटचे रूळ, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारा शेवटचा हातभर पट्टा आणि डॅशबोर्डखालच्या कनेक्टरच्या पिना पाहा. बारीक गाळ तिथून सहसा कोणी काढत नाही, आणि पिनांवर हिरवट थर दिसला तर तो ईसीयू फुकटही घेऊ नका.

कराड_एमएच५०

यांत्रिक बाजू सर्वांनी सांगितली. कागदांची मी सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ स्पष्ट केला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए नुसार, परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपले आरसी काढून मॉडेलच्या नावापुढे एटी (ऑटोमॅटिक) असे छापले आहे का ते पाहा. तसे असेल, तर गाडी आणि कागद यांचा मेळ उघडपणे बसणार नाही. विमाही त्याच नावाने उतरवलेला असतो, आणि अपघातानंतर सर्वेक्षकाला तिसरे पेडल दिसले की दाव्यावर प्रश्न उभा राहतो. शिवाय गाडी २०१२ ची असल्याने २०२७ मध्ये १५ वर्षे पूर्ण होतील आणि नोंदणी नूतनीकरणासाठी ती निरीक्षकासमोर उभी करावीच लागेल. म्हणून एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी सातारा आरटीओत लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका.

भंगारातले सामान घेताना पक्के बिल आणि त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. निकामी झालेल्या गाडीची माहिती मालकाने चौदा दिवसांत कळवावी, असे कलम ५५ सांगते. कागद नसेल, तर ते सामान चोरीच्या गाडीचेही असू शकते.

मेढा_रोड (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. दोन गोष्टी केल्या. कागदावर ऑईलचे थेंब टाकले. ते काळे होते आणि करपलेला वास खोलीभर पसरला. मिस्त्रींनी पॅन उतरवला, तेव्हा तळाशी काजळीसारखा मऊ चिखल साचलेला होता, म्हणजे प्लेटा गेल्या आहेत. नंतर रविवारी सांगलीला जाऊन ती गाडी पाहिली. पुराची खूण कुठेही नव्हती, गिअरबॉक्सही चांगला वाटला. मात्र ईसीयू आणि चावी आधीच दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकली होती. भंगारवाला म्हणाला, "ईसीयू काय, कुठलाही चालतो." कृष्णाकाठ यांचे म्हणणे वाचलेले नसते, तर मी तिथेच पैसे मोजले असते.

आरसीवर एटी छापलेले आहे. आणि एक गोष्ट मी सुरुवातीला लिहिली नव्हती. ही गाडी आईही चालवते. तिच्या डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यामुळेच आम्ही ऑटोमॅटिक घेतली होती. त्यामुळे मॅन्युअलचा विचार सोडला आहे. कोल्हापुरात याच मॉडेलच्या अपघातग्रस्त गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरसह २८,००० रुपयांना मिळतो आहे. तेथे बिल आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद दोन्ही आहेत. त्याचे ऑईल कागदावर लाल उतरले. बसवताना काय सांभाळावे?

मिरज_फिटर

योग्य निर्णय घेतलात. चार गोष्टी मिस्त्रींना आवर्जून सांगा. तुमचा जुना टॉर्क कन्व्हर्टर वापरू नका, त्यात जळालेल्या प्लेटांचा चिखल भरलेला असतो. रेडिएटरमधला ऑईल कूलर आणि त्याचे पाइप स्वच्छ ऑईल दिसेपर्यंत धुवून घ्या, नाहीतर तोच चिखल नव्या गिअरबॉक्समध्ये जाईल. फिल्टरही नवा टाका.

चौथी गोष्ट घाईत हमखास चुकते. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हळूहळू फिरवत आत ढकलावा. तो एकदम बसत नाही. खट् करून थोडा आत जातो, पुन्हा फिरवल्यावर आणखी आत जातो, आणि शेवटचा टप्पा ऑईल पंपाच्या खाचेत अडकण्याचा असतो. बेल हाउसिंगच्या कडेला पट्टी आडवी धरून कन्व्हर्टर किती आत गेला ते मोजावे. नंतर हाउसिंगचे बोल्ट आवळले, तरी कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि थोडा पुढे ओढूनच फ्लेक्स प्लेटला टेकला पाहिजे. तो आधीच घट्ट दाबला गेला असेल, तर तिथेच थांबा आणि गिअरबॉक्स पुन्हा मागे घ्या. तसेच आवळले, तर सेल्फ मारताच पंप फुटतो.