वेल्समधील जुन्या तैलचित्रातला बैल खरोखर असाच होता का?

प्रश्न : कलाशिक्षक, धुळे

नववीच्या वर्गाला प्राण्यांचे रेखाटन शिकवताना मी एकोणिसाव्या शतकातील एक वेल्श तैलचित्र पडद्यावर दाखवले. डोंगराच्या पायथ्याशी उथळ ओढा आहे, पाण्यात चार-पाच काळी गुरे उभी आहेत, मागे कुत्र्यासह एक माणूस आहे आणि सर्वांत पुढच्या बैलाचे धड लांबलचक चौकोनी, डोके लहान व पाय अगदी आखूड आहेत. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हाऊ बैल शे का टाकी?" मला उत्तर देता आले नाही. चित्रकाराचा हात कच्चा होता, की तिकडची जनावरेच अशी होती? आणि सगळी गुरे काळीच का?

उत्तर : निवृत्त पशुवैद्य, चोपडा

आपण खिल्लारी बैलाच्या मापाने पाहतो, म्हणून हा बैल बेढब वाटतो. आपल्याकडे बाजारात दात, खूर, वशिंड आणि चाल पाहिली जाते, कारण बैल ओढकामासाठी घ्यायचा असतो. तिकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रॉबर्ट बेकवेल (1725–1795) यांच्यासारख्या पैदासकारांनी मांस व चरबी जास्त देणारी जनावरे निवडून वाढवली. अशा जनावराचे चित्र काढून घेणे ही मालकाची हौस होती आणि जाहिरातही होती. 1796 साली जन्मलेल्या 'डरहॅम ऑक्स' नावाच्या बैलाला गाडीत घालून काही वर्षे गावोगावी फिरवण्यात आले, आणि 1802 साली निघालेल्या त्याच्या छापील चित्राच्या दोन हजारांवर प्रती वर्षभरात खपल्या.

मात्र मालक चित्रकाराकडून जरा जास्तच चरबी मागत. लाकडावर कोरीव चित्रे करणारे टॉमस ब्यूइक (1753–1828) यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे की, जनावराच्या अंगावर जिथे त्यांना चरबी दिसतच नव्हती, तिथेही ती दाखवण्याचा आग्रह त्यांना झाला आणि त्यांनी तो मानला नाही. तेव्हा तुमच्या विद्यार्थ्याचा संशय अगदीच चुकीचा नाही.

काळ्या रंगाचे कारण सोपे आहे. वेल्श ब्लॅक ही तिथली डोंगराळ मुलखातली जुनी, काटक जात आहे आणि तिची गुरे बहुतेक काळीच असतात.

उत्तर : चित्रकार, जळगाव

वरील उत्तर एकट्या जनावराच्या चित्राला चपखल लागू पडते. तुमच्या चित्राला कितपत, याची मला शंका आहे. मालकाने काढून घेतलेल्या चित्रात जनावर बहुधा एकटे, पूर्ण बाजूने उभे असते आणि डोंगर केवळ पडद्यासारखा मागे असतो. पाण्यात उभा कळप, ढगाळ उजेड आणि गुराखी ही मांडणी आल्बर्ट काइप यांच्यासारख्या सतराव्या शतकातील डच चित्रकारांच्या परंपरेतली आहे, आणि अशी चित्रे शहरातील गिऱ्हाईक दिवाणखान्यासाठी घेत असे. वेल्सचा डोंगराळ भाग तर चित्रकारांचे आवडते ठिकाणच होता. डेव्हिड कॉक्स 1844 पासून बरीच वर्षे उन्हाळ्यात बेटविस-अ-कोइड या गावी जाऊन चित्रे काढत. चित्रावर बैलाचे किंवा मालकाचे नाव आहे का, हे आधी पाहावे. गडद सावल्यांमध्ये मगरीच्या कातडीसारख्या भेगा दिसत असतील, तर त्या काळी तपकिरी छटांसाठी वापरले जाणारे डांबरी द्रव्य त्याला कारणीभूत असू शकते, कारण ते नीट वाळत नाही.

प्रश्नकर्ता

नाव कुठेही नाही. मागच्या माणसाच्या हातात लांब काठी आहे आणि गुरे एकाच दिशेने निघालेली दिसतात.

उत्तर : इतिहासाचे वाचक, चाळीसगाव

मग तो गुराखी नसून गुरे हाकत दूरच्या बाजाराला नेणारा व्यापारी असावा. वेल्समधून असे कळप पायी थेट लंडनच्या स्मिथफील्ड बाजारापर्यंत जात. लांबच्या वाटेसाठी गुरांना पत्री ठोकत. खूर दुभंगलेला असल्यामुळे एका जनावराला आठ पत्र्या लागत. या धंद्यात पैसा इतका फिरे की डेव्हिड जोन्स नावाच्या अशाच एका व्यापाऱ्याने 1799 साली लॅन्डोव्हरी येथे पेढी काढली, तिच्या नोटांवर काळा बैल छापला जाई आणि लोक तिला काळ्या बैलाची पेढी म्हणत. रेल्वे आल्यावर हा पायी व्यापार ओसरला. शतकाच्या उत्तरार्धातले चित्र असेल, तर ते बहुधा आठवणीतून काढलेले आहे.

थोडे अवांतर वाटेल, पण वर्गासाठी उपयोगी आहे. वेल्समध्ये जन्मलेले जॉन ग्रिफिथ्स हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत आणि 1872 ते 1885 या काळात त्यांनी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करून घेतल्या. पहिल्या लेण्यातले झुंजणारे बैल या वेल्श बैलाशेजारी दाखवून पाहा. तिथे चरबीचा प्रश्नच येत नाही. सगळे वजन मानेच्या आणि खांद्याच्या रेषेत उतरलेले आहे.

प्रश्नकर्ता

प्रतिमा मोठी करून पत्र्या शोधल्या. पुढच्या बैलाचे चारही खूर पाण्याखाली आहेत आणि मागच्यांचे गवतात झाकलेले आहेत. पाय आखूड दिसण्याचे अर्धे कारण पाणीच निघाले. उरलेल्या अर्ध्याबद्दल विद्यार्थ्यांना एवढेच सांगेन की खूर काढायला अवघड असतात आणि हे त्या चित्रकारालाही ठाऊक असावे.