देहविक्रय करणाऱ्या बायकांसाठी वेगळा दवाखाना कशाला?

मीनल: या बायकांसाठीच्या खास दवाखान्यांत बहुतेकदा काय मिळतं? कंडोम, एचआयव्ही-सिफिलिसची तपासणी, गुप्तरोगावरच्या गोळ्या. पाळणा लांबवायचं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘कंडोम आहे की!’ अहो, रोजच्या वापरात निव्वळ कंडोमवर विसंबलेल्या शंभरातल्या साधारण १३ जणींना वर्षभरात दिवस जातात. तेही सर्वसाधारण जोडप्यांत. जादा पैसे देऊन ‘कंडोम नको’ म्हणणारी गिऱ्हाइकं यात धरलेलीच नाहीत. गर्भाशयमुखाचा कर्करोग तर कुणाच्या ध्यानीमनी नसतो. बाईला मूल हवंही असू शकतं, हे तर सोडाच. रोग पसरू नये एवढाच हेतू असेल तर ते दवाखाने बंद करा आणि त्यांना इतर बायकांसारखं सरळ रुग्णालयात जाऊ द्या.

सदाशिव: जाऊ द्या म्हणणं सोपं आहे, ताई. केसपेपरवर नवऱ्याचं नाव काय, या पहिल्याच प्रश्नाला ती अडते. मग रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘काम काय करतेस?’ रात्रभर जागलेल्या बाईला सकाळची ओपीडी गाठायची, ते वेगळंच. कोलकात्यातल्या सोनागाची या देहविक्रयाच्या वस्तीत १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी एचआयव्ही रोखायचं काम सुरू केलं, तेव्हा घरोघरी जाऊन सांगणाऱ्या बायका वस्तीतल्याच होत्या. म्हणून ते चाललं. तुमच्या रुग्णालयात हा भरवसा कुठून येणार?

रोखठोक: एवढे लाड कशाला? दर महिन्याला सक्तीने तपासा, रोग नसल्याचं कार्ड द्या. विषय संपला.

सिस्टर: रोखठोक, लागण ताजी असेल तर तपासणीत ती दिसतही नाही. शिवाय कार्ड हातात पडलं की गिऱ्हाईकच म्हणणार, आता कंडोम कशाला? त्याला कोण तपासतंय? सक्ती केली की बायका दवाखान्याकडे फिरकत नाहीत. गनोरिया, क्लॅमिडिया हे गुप्तरोग बाईच्या अंगात बरेचदा काही त्रास न देता राहतात, म्हणजे ती आपणहून यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनाही तपासणी ऐच्छिकच ठेवा म्हणते.

रोखठोक: पैसा शेवटी आमच्याच खिशातला ना?

सिस्टर: त्याच पैशात गरोदरपणी सिफिलिस वेळेत सापडला तर पेनिसिलिनने बाळ वाचू शकतं.

मीनल: सदाशिव, भरवशाचं मान्य. पण कॉपर टी बसवायची सोय नसलेल्या खोलीला मी दवाखाना म्हणणार नाही.

सदाशिव: मग सोय तिथेच मागा की! बंद कशाला करता?