‘बॅनिश्ड’ खेळणे ही गावाची थट्टा आहे का?

गोदाकाठ (धागाकर्ता):
‘निफाडकर’ यांनी काल लिहिले की, गाव सोडून नाशकात फ्लॅट घेतलेल्यांनी रात्री संगणकावर गाव वसवत बसणे ही गावाची थट्टा आहे आणि त्यातून मनाला शांतता मिळते असे म्हणणे हा तर अपमानच आहे. मी सातपूरच्या कारखान्यात पाळीत काम करतो, माझे गाव सिन्नर तालुक्यात आहे आणि ‘बॅनिश्ड’ हा माझा आवडता खेळ आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

ल्यूक होडोरोविच या एकाच माणसाने बनवलेला हा खेळ २०१४ साली आला. त्यात लढाई नाही, शत्रू नाही, पैसासुद्धा नाही. हाताशी मोजकी कुटुंबे असतात आणि हिवाळा यायच्या आत घरे, अन्न आणि सरपण जमवायचे असते. घरे बांधण्यात हयगय केली, तर तरुण मुले आईवडिलांच्याच घरात अडकून राहतात, त्यांचे संसार सुरू होत नाहीत, आणि काही वर्षांनी पाहावे तर गावात सगळे म्हातारेच उरलेले असतात. उलट भराभर घरे उभी केली, तर खाणारी तोंडे आधी वाढतात आणि राबणारे हात मागाहून येतात. हे ज्याला थट्टा वाटते, त्याने वाडीवस्त्या ओस पडताना पाहिलेल्या नाहीत.

शांतता मिळते ती गाव गोंडस दिसते म्हणून नव्हे. सरपण संपलेल्या घरातला माणूस थंडीत काम अर्धवट टाकून ऊब शोधत परत फिरतो, त्यामुळे पुढची लाकूडतोड आणखी मागे पडते, आणि हे सगळे कोठून सुरू झाले ते मला नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. कारखान्यात दिवसभर ज्याच्या कारणाचा पत्ता लागत नाही अशी कटकट सोसल्यावर मला त्याचीच गरज असते.

निफाडकर:
उत्तर लांबलचक आहे, पण नेमकी मेख तुम्ही गाळली. तुमच्या त्या खेळात कोठारात ठेवलेले धान्य, भाजी, मासळी कधीच सडत नाही. एकदा आत गेले की वर्षानुवर्षे जसेच्या तसे! मग शांत न वाटायला काय झाले?

आमच्या कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या कोठारात, या. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये भरायचा, खालून हवा खेळती राहावी म्हणून जमिनीपासून उंच फळ्यांवर रचायचा, आणि पावसाळी दमट हवा सुरू झाली की रोज नाकाने पहारा करायचा. एका कोपऱ्यातून वास आला की तो सगळा भाग उपसून निवड करावी लागते; काजळी धरलेला वेगळा, कोंब आलेला वेगळा, पाणी सुटलेला थेट उकिरड्यावर. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, तेव्हा आमची चाळ भरलेली होती. डिसेंबरमध्ये तर निर्यातच बंद झाली, म्हणजे थंडीत निघणारा लाल कांदाही त्याच फासात सापडला. यातले कोणतेही कारण मला नकाशावर बोट ठेवून दुरुस्त करता येत नव्हते.

कॉलेजरोडकर:
शेतकऱ्याच्या दुःखाविषयी आदर आहे, पण प्रत्येक धाग्यावर कांदाच का? भाव चढला की शहरातल्या माणसाचे महिन्याचे गणित कोलमडते, त्याविषयी कोणीच बोलत नाही. शुल्क काही उगाच लावले नव्हते.

निफाडकर:
तुमचे गणित कोलमडते म्हणजे तुम्ही दोन किलोंऐवजी एक किलो कांदा घेता. आम्ही लासलगावच्या लिलावात ट्रॅक्टर उभा करतो, पुकारलेल्या भावात गाडीभाडे आणि हमाली सुटत नाही, तरी माल परत नेणे परवडत नाही म्हणून देऊन येतो. या दोन गोष्टी एका तराजूत तोलण्याआधी एकदा त्या रांगेत येऊन उभे राहा. भाव पडतो तेव्हा शहरातला एक माणूस हळहळत नाही, आणि वर आम्हालाच विचारता की कांद्याचा विषय का काढला?

पंचवटीची वाचक:
दोघांनीही आवाज खाली आणावा. माझा भाचा हा खेळ खेळतो आणि त्याला मी नेहमी रागावत असे की, एवढा वेळ अभ्यासाला दे. परवा त्याने मला विचारले की, आत्या, आपल्या आजोबांनी बियाणे कोठून आणले असेल? त्याच्या खेळात सुरुवात कठीण ठेवली तर हाती बियाणे नसते, आणि व्यापाऱ्याची बोट आली की सरपण किंवा अवजारे देऊन ते बदल्यात घ्यावे लागते. आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. निफाडकर दादा, तुमच्या चाळीचे वर्णन मी त्याला वाचून दाखवणार आहे.

गोदाकाठ:
निफाडकर, माल सडत नाही हा दोष खरा आहे आणि तो मोठा आहे, एवढे मान्य करतो. लोहारासाठी लागणारे लोखंड संपत जाते, रोगराईने पीक बुडते, पण कोठार मात्र अमर, हे विसंगतच आहे. परंतु पैशाचा बाजार नसलेल्या गावाची कल्पना करणे म्हणजे तुमच्या गावाचा अपमान करणे, हे मला अजिबात पटत नाही. पिकवलेले आधी गावातल्याच घरांत पोचते आणि उरलेलेच बाहेर जाते, असे गाव मी रात्री तासभर चालवतो. ते पाहिल्यावरच मला लिलावातली रांग अधिक अन्यायाची वाटते.

निफाडकर:
तसे असेल तर खेळा, माझी काही हरकत नाही. मात्र त्या खेळात चाळ बांधण्याची, ती वेळेवर निवडण्याची आणि उशीर झाला तर अर्धी उपसून फेकण्याची सोय जो कोणी करील, त्याचाच खेळ मी माझ्या मुलाच्या हाती देईन. आणि कॉलेजरोडकर, तुमचे उत्तर अजून आलेले नाही.