टॉवेल कारखान्यासाठी ईआरपी घ्यायचंय: कंपन्यांच्या सर्टिफिकेटांना किती वजन द्यावं?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. बाबा आणि काका उत्पादन बघतात. हिशेब, स्टॉक आणि डिस्पॅच माझ्याकडे. हिशेब टॅलीत आणि बाकी सगळं एक्सेलमध्ये, असं आजवर निभावलं, आता निभत नाही. सूत किलोवर येतं, टॉवेल डझनावर मोजतो आणि परदेशी गिऱ्हाईक पेटीवर पीस आणि जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम) मागतो. त्यात एका ऑर्डरचे दोन डाईंग लॉट (एका वेळी रंगवलेला माल म्हणजे एक लॉट) एकाच पेटीत गेले की शेडचा फरक उठून दिसतो आणि तक्रार येते. कुठला लॉट कुठल्या पेटीत गेला हे एका जागी दिसावं, मुख्यतः यासाठीच ईआरपी, म्हणजे हिशेब, स्टॉक, उत्पादन सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरलंय.

तिघांचे डेमो झाले. पहिली पुण्याची कंपनी. त्यांच्या प्रेझेंटेशनची सुरुवातच आयएसओ ९००१, आयएसओ २७००१ (माहितीच्या सुरक्षेचं मानक) आणि सीएमएमआय लेव्हल ३ च्या शिक्क्यांनी होते. दुसरे एका मोठ्या क्लाउड सॉफ्टवेअरचे विक्रेते. ते डेटाच्या सुरक्षेबद्दलचा एसओसी २ रिपोर्ट आहे म्हणतात, पण तो मूळ सॉफ्टवेअर कंपनीचा. आमच्याकडे येऊन बसवून देणारी माणसं वेगळीच. तिसरे सोलापूरचेच. लॉटचं गणित त्यांना समजावून सांगावं लागलं नाही, पण सर्टिफिकेट एकही नाही.

काकांचं मत, गावातला माणूस घ्या, रात्री लूम अडलं तर तोच येईल. बाबा धास्तावलेत, कारण पूर्वी ज्यांच्याकडून बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं होतं त्यांनी धंदा गुंडाळला आणि जुन्या नोंदी बाहेर काढताना आमच्या नाकी नऊ आले.

मला स्वतःला सर्टिफिकेटं महत्त्वाची वाटतात. आमच्या मालावर ओको-टेक्सचं (घातक रसायनांसाठी कापड तपासल्याचं) लेबल असेल तर गिऱ्हाईक त्यावरचा नंबर टाकून खरंखोटं करून घेतो. जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या मानकात कारखान्याचं स्कोप सर्टिफिकेट वेगळं आणि पाठवलेल्या मालाचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट वेगळं. तीच सवय म्हणून मी पुण्याच्या कंपनीकडून २७००१ ची पूर्ण प्रत मागवली. स्कोपच्या (सर्टिफिकेट कुठल्या कामाला लागू आहे त्या) रकान्यात लिहिलंय पगारपत्रक सेवा, पत्ता एकाच ऑफिसचा. ईआरपीचं नावही नाही! वर आवृत्ती २०१३ ची.

आता याचा अर्थ काय लावायचा? यातलं कुठलं सर्टिफिकेट नेमकी कशाची हमी देतं? आणि ज्याच्याकडे एकही नाही त्याला कुठल्या कसोटीवर घासायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, स्कोप वाचलात हे फार चांगलं केलंत, बहुतेक जण शिक्का बघून पुढे जातात. त्या कागदाचा तुमच्या ईआरपीशी संबंध नाही. शिवाय २७००१ च्या २०१३ आवृत्तीची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ लाच संपली. आता २०२२ ची आवृत्तीच ग्राह्य.

आयएसओ ही संस्था मानकं लिहिते, सर्टिफिकेट देत नाही. ते देणाऱ्या संस्था वेगळ्या, आणि त्या संस्थांना आपल्याकडे एनएबीसीबी हे राष्ट्रीय मंडळ मान्यता देतं. मान्यता नसलेल्या कोणाकडूनही कागद छापून मिळतो, म्हणून देणाऱ्याचं नाव आधी तपासा. कागद खरा असेल तर तो तीन वर्षांचा असतो आणि मध्ये दरवर्षी देखरेख ऑडिट होतं, त्याची तारीख विचारा. सोबत ‘स्टेटमेंट ऑफ अ‍ॅप्लिकेबिलिटी’ मागा. २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणं (सुरक्षेचे उपाय) आहेत. कुठली लागू केली, कुठली वगळली आणि का, हे त्यात असतं. बॅकअप किंवा पुरवठादारांवरची देखरेख वगळली असेल तर कारण विचाराच.

९००१ म्हणजे कामाची पद्धत ठरलेली आहे, इतकंच. सॉफ्टवेअर चांगलं आहे असं ते म्हणत नाही. सीएमएमआय म्हणजे कंपनीच्या कार्यपद्धतीची परिपक्वता १ ते ५ पायऱ्यांवर जोखणं. तेही कंपनीच्या विशिष्ट विभागाचं असतं, तेव्हा तुमचं काम करणारी टीम त्यात येते का ते बघा.

एसओसी २ हे सर्टिफिकेट नव्हेच, तो ऑडिटरचा अहवाल आहे. टाइप १ मध्ये एका दिवशी नियंत्रणांची आखणी कशी होती ते कळतं, टाइप २ मध्ये काही महिने ती प्रत्यक्ष चालली का ते. टाइप २ च मागा. गोपनीयतेच्या करारावर सही करून तो वाचायला मिळतो. त्यात ऑडिटरने नोंदवलेल्या त्रुटी आणि ‘ग्राहकाने स्वतः करायच्या गोष्टी’ हे दोन भाग आधी वाचा. पासवर्ड आणि कर्मचाऱ्यांचे अधिकार हे बहुधा तुमच्याच गळ्यात असतात.

प्रतिसाद २

मी सोलापुरातच सीए आहे. वरच्या शिक्क्यांआधी कायद्याचं बघा. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कोणी कधी काय बदललं याची नोंद) हवाच आणि तो बंद करता येता कामा नये. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइसही (जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल). तिघांनाही समोर बसवून एक बिल बदलायला सांगा आणि लॉगमध्ये उमटतं का ते बघा.

सोलापूरवाल्यांना कागद नाही म्हणून बाद करू नका. छोट्या कंपनीला २७००१ चा खर्च झेपत नाही, हे मी रोज बघतो. पण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरकडून त्यांच्या सॉफ्टवेअरची सुरक्षा चाचणी करून घ्यायला सांगा. एकदा बॅकअपवरून सगळा डेटा दुसऱ्या मशीनवर उभा करून दाखवायला लावा. करार संपला किंवा कंपनी बंद पडली तर तुमच्या नोंदी एक्सेलमध्ये उघडतील अशा स्वरूपात किती दिवसांत देणार, हे करारात लिहून घ्या. तुमच्या बाबांची भीती याच कलमाने जाईल, सर्टिफिकेटाने नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पुण्याच्या कंपनीला ईआरपी स्कोपमध्ये असलेलं २०२२ चं सर्टिफिकेट दाखवा असं आजच कळवलं; नसेल तर त्यांच्याशी पुढे बोलणार नाही. सोलापूरवाले सुरक्षा चाचणीला तयार आहेत, पण खर्च निम्मा-निम्मा करू म्हणतात. असा खर्च गिऱ्हाइकाने उचलणं रीतसर आहे का? आणि उचललाच तर अहवालाची प्रत थेट ऑडिटरकडून आमच्या नावाने मागता येईल का?