अचानक अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर खर्चाची तयारी कशी ठेवायची? सल्ला हवाय

पारवा:
बाबांचं वय ७६, हार्ट फेल्युअर आहे (हृदय रक्त पुरेसं पंप करत नाही), जोडीला शुगर. इमर्जन्सीत न्यावं लागतं ते बहुतेक थंडीतच आणि तेही रात्रीच, मग आधी आयसीयू, मग वॉर्ड, घरी आलो की महिनाभरात परत तेच. मेडिक्लेम आहे, पण दर वेळी पुरेलच असं नाही. बिल नक्की कशाने फुगतं? आणि हातात किती ठेवावं?

सावळागोंधळ:
हॉस्पिटलच्या बिलिंगला बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो. पहिल्या रात्री ईसीजी, रक्त, एक्स-रे, इको (हृदयाची सोनोग्राफी) असं सगळं एकदम लागतं म्हणून तो आकडा बघून लोक हबकतात, पण खरं मीटर पळतं आयसीयूच्या बेडवर. तिथला एक दिवस म्हणजे वॉर्डचे कितीतरी दिवस, कारण नर्स, मॉनिटर, तपासण्या सगळंच जास्त. म्हणून रोज राउंडला विचारायचं, "आज वॉर्डात हलवता येईल का, नसेल तर कशासाठी थांबलोय?" भांडणाच्या सुरात नको, पण विचारायचंच. कित्येकदा पेशंट ठीक असतो आणि नुसता वॉर्डात बेड नाही किंवा रविवार आहे म्हणून अडकून पडतो. बिलही रोजच्या रोज मागून घ्या, न वापरलेली औषधं परत केली का तेही बघा. आणि पॉलिसीत आयसीयूला वेगळी मर्यादा आहे का ते आजच वाचून ठेवा, रात्री दोनला कोणी वाचत नाही.

चांदणवेल:
वरच्यांचं पटलं, पण मी कार्डिअ‍ॅक वॉर्डात नर्स आहे आणि माझ्या मते खरा पैसा वाचतो तो परत अ‍ॅडमिट व्हायचं टळलं की. हार्ट फेल्युअरमध्ये पाणी एका रात्रीत साठत नाही हो, आधी काही दिवस साठत असतं, आडवं झालं की पायातलं पाणी वर चढतं आणि धाप लागते, म्हणून रात्र. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खायच्या आधी वजन करा आणि लिहून ठेवा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन-सव्वादोन किलो वाढलं तर लगेच डॉक्टरांना कळवा, बऱ्याचदा पाण्याच्या गोळीचा, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या गोळीचा, डोस बदलून भागतं. मीठ कमी. फ्लूची लस दरवर्षी, कारण थंडीतल्या अ‍ॅडमिशनमागे छातीचं इन्फेक्शन फार असतं. आणि गुडघे दुखतात म्हणून परस्पर आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने पाणी अंगात धरून राहतं.

पारवा:
बापरे, ती गोळी घरात आहेच! वजनाचं कोणी बोललंच नव्हतं, डिस्चार्जच्या वेळी नुसता औषधांचा कागद हातात दिला. दोन उशा घ्यायचे, परवापासून तिसरी मागतायत. वय झालं म्हणून असेल ना?

चांदणवेल:
नाही! आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून मागतायत. आजच फोन करा डॉक्टरांना, ती गोळी चालू असेल तर तेही सांगा. आणि बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा ओठ निळसर दिसले तर फोनाफोनी नको, सरळ अ‍ॅम्ब्युलन्स. हिशेब मग.